ओटीपी टाइप करेपर्यंत डोक्यातून का निसटतो? वर्किंग मेमरी, सोप्या भाषेत

मागच्या महिन्यात राहुरीजवळच्या आमच्या गावी गेलो होतो. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, शेतीचा एक ऑनलाइन अर्ज भरायचा होता आणि शेवटची तारीख नेमकी त्याच दिवशी. लॅपटॉप माझ्याकडे, फोन अण्णांच्या हातात. ओटीपी आला. अण्णा म्हणाले, "सत्तेचाळीस, अडतीस, एकोणतीस." मी घाईत ७४३८२९ टाइप केलं. चुकलं!

दुसरा ओटीपी आला. अण्णांनी तो सांगितला आणि तेवढ्यात शेजारच्या काकांनी दारातूनच विचारलं, "अण्णा, आज कांदा काय भावाने गेला?" अण्णा म्हणाले, "अठराशे." झालं, माझ्या डोक्यातला ओटीपी गायब. परत चूक. आता तिसऱ्यांदा चुकलं की चोवीस तास लॉक, म्हणजे अर्ज गेलाच.

ही विसरभोळेपणाची गोष्ट नाही. आपल्या मेंदूचा हा भाग असाच चालतो. कसा, ते बघू.

वर्किंग मेमरी म्हणजे काय?

कॉम्प्युटरमध्ये हार्ड डिस्क आणि रॅम वेगवेगळी असते ना? तसंच काहीसं. गावाचं नाव, पाढे, आईचा आवाज हे कायमच्या साठ्यात असतं. पण आत्ता ऐकलेला ओटीपी फक्त वापरून होईपर्यंत धरून ठेवायचा असतो. ती जागा म्हणजे वर्किंग मेमरी.

१९७४ मध्ये ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी तिचा आराखडा मांडला. त्यात एक भाग आवाजाचा. ऐकलेले आकडे आपण मनात पुन्हा पुन्हा म्हणतो, तो हा भाग. साधारण दोन सेकंदांत जेवढं म्हणता येईल, तेवढंच त्यात टिकतं. दुसरा भाग चित्रं आणि जागा धरून ठेवतो. आणि तिसरा भाग लक्ष कुठे द्यायचं ते ठरवतो.

मनातलं म्हणणं थांबलं की आकडे सुटतात. १९५९ मध्ये अमेरिकेत लॉइड आणि मार्गारेट पीटरसन यांनी हे तपासलं. लोकांना फक्त तीन अक्षरं सांगायची आणि लगेच एका आकड्यातून तीन-तीन वजा करत उलटं मोजायला लावायचं. १८ सेकंदांनंतर ती अक्षरं क्वचितच बरोबर आठवायची. आमच्या घरी उलट्या मोजणीचं काम कांद्याच्या भावाने केलं.

किती मावतं?

१९५६ मध्ये जॉर्ज मिलर यांनी सात, दोन कमी-जास्त, असा अंदाज मांडला. २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी दाखवलं की मनात घोकायची किंवा गट पाडायची संधी दिली नाही, तर खरी क्षमता चारच्या आसपास असते. मग दहा अंकी मोबाईल नंबर लक्षात कसा राहतो? गट पाडल्यामुळे. "अठ्ठ्याण्णव, बावीस" असं जोडीने म्हटलं की दहा अंकांचे पाचच गठ्ठे होतात. जुनी माणसं असाच नंबर सांगतात, आणि ते बरोबरच आहे.

मराठी आकड्यांची मेख

मग मी चुकलो का? कारण 'सत्तेचाळीस'मध्ये आधी सात ऐकू येतो, पण टाइप करताना आधी चार लागतो. म्हणजे ऐकायचं, धरून ठेवायचं, उलटं करायचं आणि मग लिहायचं. 'एकोणतीस' तर त्याहून भारी. त्यात ना दोन ऐकू येतो, ना नऊ! एवढं उलटंपालटं करण्याचं काम त्याच छोट्या जागेत चालतं.

हा मुद्दा महाराष्ट्रात २०१९ मध्ये गाजला होता. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'सोबत 'वीस एक' असं वाचन आलं आणि मोठा वाद झाला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांचं म्हणणं होतं की बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम उलटा असल्याने मुलं गोंधळतात. जर्मन भाषेतही आकडे असेच उलटे बोलतात. २००९ मध्ये ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांवर झालेल्या अभ्यासात, ऐकलेले आकडे लिहिताना झालेल्या जवळपास निम्म्या चुका या उलटापालटीशी निगडित होत्या, आणि त्यांचा वर्किंग मेमरीशी संबंध दिसला. 'वीस एक' म्हणावं की नाही यावर मतं वेगळी असू शकतात, पण अडचण खरी आहे.

फोनवरचे ठग हेच वापरतात

"खातं बंद होतंय, लवकर करा, आता हा नंबर दाबा, आता तो मेसेज वाचा..." ठग सतत बोलत का राहतात? तुमची ती छोटी जागा त्यांच्या सूचनांनी भरली की "हा माणूस नक्की कोण?" हा प्रश्न विचारायला जागाच उरत नाही. शिकलेली माणसंही फसतात, त्यामागचं हे एक कारण. म्हणून विचार नंतर करा, आधी फोन कट करा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा.

रोजच्या वापरासाठी

- ओटीपी टाइप करायचा असेल तर सुटे अंक सांगा, तीन-तीनचे गट करून: "चार सात तीन... आठ दोन नऊ."
- नंबर नुसता लक्षात ठेवायचा असेल तर जोड्या चांगल्या.
- ऐकणाऱ्याचं टाइप होईपर्यंत मध्ये दुसरा आकडा बोलू नका.
- शक्य असेल तिथे फोनलाच ओटीपी आपोआप भरू द्या.

तिसऱ्या वेळी मी अण्णांना म्हटलं, "सुटे सुटे सांगा, आणि तीन आकड्यांनंतर थांबा." काकांनाही दोन मिनिटं गप्प बसवलं. अर्ज गेला. कांद्याच्या भावावर मग चहासोबत निवांत बोललो.