राबौल : ज्वालामुखीच्या कुशीतील बंदर

नकाशात ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येस न्यू ब्रिटन नावाचे लांबट बेट आहे. त्याच्या ईशान्य टोकाशी राबौल हे बंदर वसले आहे. हा प्रदेश पापुआ न्यू गिनी या देशात मोडतो. येथील खोल व शांत पाण्यात जहाजांना उत्तम निवारा मिळतो. पण तो दिला आहे ज्वालामुखीनेच. सुमारे १४०० वर्षांपूर्वी प्रचंड उद्रेक होऊन भूमी आत खचली आणि एका बाजूने समुद्र आत शिरला. राबौलचे बंदर म्हणजे त्या भांड्यातील पाणी होय; आणि भांड्याखालची चूल अद्याप विझलेली नाही.

जर्मनांनी येथे वसाहतीची राजधानी केली. १९१४ साली ती ऑस्ट्रेलियाच्या हाती गेली. मे १९३७ मध्ये व्हल्कन आणि तावुरवुर ही दोन मुखे पाठोपाठ जागी झाली व सुमारे पाचशे माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर वेधशाळा उभारली गेली. राजधानी हलविण्याचेही ठरले, तोच युद्ध आले. जानेवारी १९४२ मध्ये जपानने राबौल घेऊन तेथे लाखभर सैन्याचा तळ केला. ज्वालामुखीच्या राखेच्या मऊ थरांत भुयारे खोदून त्यांनी इस्पितळेदेखील जमिनीखाली नेली. दोस्तांनी बाँबवर्षावाने शहर मोडले, पण त्यावर चालून न जाता ते पुढे निघून गेले. सिंगापुरात पकडलेले हिंदी सैनिकही येथे मजुरीस जुंपले गेले होते. त्यांतील कित्येकांचे स्मरण जवळच्या बिटापाका येथील युद्धस्मशानभूमीत जतन केलेले आहे.

मला मोलाची वाटते ती यापुढची हकीकत. १९८३ ते १९८५ या काळात जमीन वारंवार हादरली, किनारा वर उचलला गेला. सरकारने स्थलांतराची आखणी करून तालमी घेतल्या. आणि उद्रेक झालाच नाही! लांडग्याच्या गोष्टीतील गावकऱ्यांप्रमाणे लोक पुढे कधीच हलले नसते, तरी त्यांना दोष देणे कठीण होते. परंतु १८ सप्टेंबर १९९४ च्या पहाटे धक्के सुरू झाले, तेव्हा वृद्धांना १९३७ आठवले आणि तरुणांना तालीम. सरकारी आदेशाची वाट न पाहताच पुष्कळजण बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी तासाभराच्या अंतराने दोन्ही मुखे फुटली. ओल्या राखेच्या भाराने छपरे कोसळली, बहुतेक शहर नष्ट झाले. बळी मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच पडले.

प्रांताची राजधानी मग सुमारे २० किलोमीटरवरील कोकोपो येथे गेली. बंदर थोडेच उचलून नेता येते? जहाजे अजूनही राबौललाच लागतात. तावुरवुरच्या पायथ्याच्या उबदार मातीत कोंबडीएवढा एक पक्षी आपली अंडी पुरून ठेवतो, आणि तेथील तोलाई लोक ती खणून बाजारात आणतात.