आत्याचा आजार कुणी मोजायचा?

आईला किंवा मावशीला स्तनांचा कर्करोग झाला, की घरातली मुलगी स्वतःचा धोका मनातल्या मनात ठरवून टाकते, आणि ठरवताना बहुतेक वेळा जास्तच धरते. घरात आजार नसलेल्या बायकाही काही कमी घाबरत नाहीत. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अमेरिकेतल्या चाळिशीतल्या बायकांना विचारण्यात आलं, की येत्या दहा वर्षांत या आजाराने आपला मृत्यू होण्याची शक्यता तुम्हाला किती वाटते? त्यांचा अंदाज खऱ्या शक्यतेच्या वीसपटींहून जास्त निघाला. भीती आधीपासूनच घरात मुक्कामाला असते, तिला जनुकीय चाचणीची वाट पाहावी लागत नाही. तरीही आनुवंशिक धोका तपासण्याचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं असतं: ‘कशाला जिवाला घोर लावून घ्यायचा?’ ते प्रेमापोटी बोललं जातं, यात शंका नाही. पण ते पुराव्यावर टिकत नाही.

स्तनांचा कर्करोग झालेल्या शंभर जणींमध्ये साधारण पाच ते दहा जणींचाच आजार वारशाने आलेला असतो. त्यातला मोठा वाटा बीआरसीए-1 आणि बीआरसीए-2 या दोन जनुकांचा. पहिल्याचा ठावठिकाणा मेरी-क्लेअर किंग यांनी 1990 मध्ये सतराव्या गुणसूत्रावर लावला आणि 1994 मध्ये ते जनुक हाती आलं. दुसरं तेराव्या गुणसूत्रावरचं, ते पुढच्याच वर्षी सापडलं. तुटलेल्या डीएनएची दुरुस्ती हे दोघांचं काम. एक प्रत जन्मतःच सदोष असली आणि एखाद्या पेशीत दुसरीही निकामी झाली, की ती दुरुस्ती थांबते. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासानुसार, असा दोष असलेल्या स्त्रीला वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनांचा कर्करोग होण्याची शक्यता बीआरसीए-1 मध्ये 72 टक्के आणि बीआरसीए-2 मध्ये 69 टक्के असते. अंडाशयाच्या कर्करोगासाठी हेच आकडे 44 आणि 17 आहेत. 72 हा आकडा ऐकताच पोटात गोळा येणं साहजिक आहे. पण तो सगळ्या आयुष्याचा हिशेब आहे. तीस वर्षांच्या बाईचा येत्या दहा वर्षांतला धोका त्याहून पुष्कळ कमी असतो, आणि हे तिला कुणीतरी समोर बसून सांगावं लागतं.

या सांगण्याची सुरुवात रक्ताच्या नळीने होत नाही, कोऱ्या कागदाने होते. समुपदेशक बाईसाठी गोल काढतात, पुरुषासाठी चौकोन. कर्करोग झालेल्याचा आकार भरून टाकतात, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ मारतात, जिच्यापासून चौकशी सुरू झाली तिच्याकडे बाण दाखवतात. नात्यात लग्न झालं असेल तर जोडप्यामध्ये एकाऐवजी दोन आडव्या रेघा येतात. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत असलेल्या सोलापूर भागात ही दुहेरी रेघ नवलाची नाही. नात्यातल्या लग्नामुळे हा कर्करोग होतो असं मात्र नव्हे. धोका वाढायला एकच सदोष प्रत पुरेशी असते आणि ती मुलाकडे किंवा मुलीकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. खरी अडचण आठवणींची. एखादी आजी ‘पोटात पाणी होऊन गेली’ एवढंच घरात माहीत असतं, आणि ते पाणी अंडाशयाच्या कर्करोगाचं असू शकतं हे कुणी सांगितलेलं नसतं. दुसरी गफलत वडिलांच्या बाजूची. बायकांचा आजार म्हणजे आईकडून येणारा, असं गृहीत धरून आत्याला मोजलंच जात नाही. हा दोष बापाकडूनही तितकाच येतो. बापाला स्वतःला काही झालेलं नसतं, म्हणून तो कुणाच्या ध्यानात येत नाही इतकंच.

आता घोर लागण्याचं. कोक्रेन या संस्थेने 2012 मध्ये घरात स्तनांचा कर्करोग असलेल्या स्त्रियांच्या धोका-मूल्यमापनाबद्दलच्या आठ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांत 1,973 जण सहभागी होते. निष्कर्ष असा, की अशा सेवेमुळे मनस्ताप कमी व्हायला मदत होते, स्वतःच्या धोक्याचा अंदाज वास्तवाच्या जवळ येतो आणि माहिती वाढते. प्रत्यक्ष जनुक-चाचणीवर 2009 साली झालेल्या वीस अभ्यासांच्या विश्लेषणात दोष सापडलेल्यांचा ताण निकालानंतर थोडा वाढलेला दिसला, पण काळ जाईल तसा तो पूर्वपदावर आला. दोष न सापडलेल्यांचा ताण उतरला. याहून बोलका आहे तो अमेरिकेतल्या कॅरिन लर्मन आणि सहकाऱ्यांचा 1998 मधला अभ्यास. त्यांनी बीआरसीए-दोष असलेल्या कुटुंबांतल्या, निकाल ऐकायला नकार दिलेल्या लोकांचाही माग ठेवला. आधीपासून धास्तावलेल्यांपैकी ज्यांनी निकाल नाकारला, त्यांच्यात नैराश्याचं प्रमाण महिन्याभरात 26 टक्क्यांवरून 47 टक्क्यांवर गेलं. तितक्याच धास्तावलेल्या, पण निकाल ऐकलेल्या वाहकांमध्ये, म्हणजे दोष सापडलेल्यांमध्ये, ते वाढलं नाही. न कळण्यात सुख असतं, ही समजूत निदान या माणसांच्या बाबतीत तरी खोटी ठरली.

अर्थात पुरावा एकाच बाजूने झुकलेला आहे असं म्हणणं अप्रामाणिकपणाचं होईल. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या संशोधकांनी पाच वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा लांबच्या पल्ल्यात काहींचा ताण पुन्हा वर आलेला दिसला. चाचणीच्या वेळीच ज्या जास्त घाबरलेल्या होत्या, ज्यांची मुलं लहान होती, ज्यांनी या आजारात घरचं माणूस गमावलं होतं, त्यांना जास्त त्रास झाला. निकाल चांगला आलेल्या बहिणीलाही सुटकेबरोबर अपराधी वाटतं: तिला का, मला का नाही? मुलीला सदोष जनुक दिल्याची टोचणी आईला लागते, मग तिने ते स्वतःच्या आईकडून नकळत घेतलेलं का असेना. आणि निकालाचा तिसरा प्रकार सर्वांत चिवट: बदल सापडला, पण त्याचा अर्थ अनिश्चित. जगातले जनुकीय माहितीसाठे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या नमुन्यांवर उभे आहेत, त्यामुळे आपल्याकडे असा निकाल हाती पडण्याची शक्यता जास्त. असे बहुतेक बदल पुढे निरुपद्रवी ठरतात. हे आधी सांगितलेलं नसेल, तर ‘अनिश्चित’ या शब्दाचा घरी जाईपर्यंत ‘कर्करोग’ होतो.

एक आक्षेप असाही घेतला जातो, की हे सगळे अभ्यास परदेशी, शिकलेल्या बायकांचे. आपल्या खेड्यातली बाई अशी माहिती पेलणार नाही. या म्हणण्याला उत्तर सोलापूर जिल्ह्यातच आहे. बार्शीत 1987 साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतली 346 गावं तिच्या कक्षेत होती. रुग्ण आपणहून रुग्णालयात येईल अशी वाट पाहून भागणार नव्हतं, म्हणून कार्यकर्ते गावोगाव गेले, बैठका घेतल्या, लक्षणं सांगितली. परिणाम काय झाला? गर्भाशयमुखाचा कर्करोग आधीच्या टप्प्यात सापडण्याचं प्रमाण वाढलं, हे 1995 मध्ये शास्त्रीय नियतकालिकात छापून आलं. पुढे बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेबरोबर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 1,31,746 स्त्रियांचा समावेश असलेली तपासणी-चाचणी केली. तिचे निकाल 2009 साली जगभर गाजले. आनुवंशिक धोका ही वेगळी गोष्ट, तिथे प्रश्न एका बाईपुरता राहत नाही, हे मान्य. पण समजेल अशा भाषेत सांगितलं तर इथल्या बायका बिचकून पळत नाहीत, पुढे येतात, एवढं या भागाने सिद्ध करून ठेवलेलं आहे.

मला जास्त वजनदार वाटतो तो लग्नाचा आक्षेप. ‘घराण्यात कर्करोग आहे’ हे बाहेर फुटलं तर मुलीचं लग्न अडेल, ही भीती कुठल्याही मानसशास्त्रीय प्रश्नावलीत पुरती उतरत नाही, आणि तिला अंधश्रद्धा म्हणून उडवून लावणं सोपं असलं तरी बरोबर नाही. जनुकीय कारणावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध आपल्याकडे स्वतंत्र कायदाही नाही. म्हणून गुप्ततेची हमी, आणि कुणाला केव्हा सांगायचं याचा निर्णय त्या बाईच्याच हाती, या अटी मूल्यमापनाच्या गाभ्यातच असायला हव्यात. पण ही भीती गप्प बसण्याचं कारण होऊ शकत नाही. गप्प बसल्याने दोष नाहीसा होत नाही, फक्त उपाय उशिरा सुरू होतात. दोष कळलेल्या बाईला पंचविशीपासून एमआरआय तपासणी, अपत्यप्राप्तीनंतर अंडाशय काढण्याची शस्त्रक्रिया, हवी असल्यास स्तन काढण्याची शस्त्रक्रिया असे मार्ग असतात. 2013 मध्ये अभिनेत्री अँजेलिना जोलीने तिसरा मार्ग निवडल्याचं जाहीर केलं आणि जनुकीय तपासणी म्हणजे स्तन काढणं असा एक समज पसरला. तो चुकीचा आहे. नियमित तपासणीवर राहणं हाही वैद्यकशास्त्राला मान्य असलेला निर्णय आहे.

या सगळ्या अभ्यासांतून दिलासा मिळालेला दिसतो तो समुपदेशनाच्या जोडीने मिळालेल्या माहितीतून. कुरिअरने नमुना पाठवायचा आणि मोबाइलवर अहवाल वाचायचा, या पद्धतीला हा पुरावा लागू होत नाही, आणि ती पद्धत जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोहोचायला आता फार वेळ लागणार नाही. खारघरच्या टाटा मेमोरियलच्या अ‍ॅक्ट्रेक केंद्रात कर्करोग-आनुवंशिकीचा विभाग आहे, पण सोलापूरच्या बाईला तिथे जायचं म्हणजे रात्रीची गाडी, मजुरी बुडवणं आणि सोबतीला माणूस. रक्त प्रवास करू शकतं, बोलणं जवळ हवं. सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि बार्शीत मराठी-कन्नड-तेलुगू बोलणाऱ्या, वंशवृक्ष काढता येणाऱ्या समुपदेशकांची पदं असावीत, ही मागणी यंत्रसामग्रीच्या मागणीआधी व्हायला हवी.

घरात कुणाला पन्नाशीच्या आत स्तनांचा, कुठल्याही वयात अंडाशयाचा, किंवा एखाद्या पुरुषाला स्तनांचा कर्करोग झाला असेल, तर आई आणि वडील दोन्हीकडच्या माणसांची नावं आणि आजार झाला तेव्हाची वयं लिहून काढा. चाचणी शक्यतो आधी आजारी व्यक्तीची करतात, कारण घरात नेमका कुठला दोष आहे हे ठाऊक नसताना निरोगी मुलीचा ‘दोष नाही’ हा निकाल फारसं काही सांगत नाही. रक्त देण्याआधी समुपदेशनाची वेळ मागून घ्या. ती मिळत नसेल, तर चाचणी थोडी थांबली तरी चालेल.