सुहेलीचा कणा

भंडारा जिल्ह्यात तळ्यांना तोटा नाही. कोहळी मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले, आता माजी मालगुजारी म्हणजे मामा तलाव म्हणून ओळखले जाणारे हे तलाव उन्हाळ्यात आटत आले, की काठावर डोंगे उपडे पडलेले दिसतात. सवड मिळाली की मासेमारी करणारा ढिवर माणूस त्या उपड्या डोंग्याशी बसतो. फळ्यांच्या सांधीवरून बोट फिरवतो, जुनं डांबर खरवडून काढतो, फटीत कापूस नाहीतर चिंधी ठोसतो आणि वरून गरम डांबर फिरवतो. मृगाचं पाणी यायच्या आत हे काम उरकावं लागतं. लहानपणापासून पाहिलेलं हे काम, म्हणून त्यात मला कधी विशेष काही वाटलं नव्हतं. पुढे सुहेलीची हकिगत वाचली आणि अटलांटिक महासागराच्या मधोमध, पाण्याच्या पाच फूट खाली, तोच कापूस आणि तेच डांबर मला भेटलं.

सुहेली ही शिडाची बोट. लांबी ३२ फूट ५ इंच, दोन डोलकाठ्या, पुढून-मागून दोन्हीकडे निमुळती. ती जन्मली मुंबईत, १९६३-६४ साली. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवर अधिकारी असलेले रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी ती आपल्या साथीदारांबरोबर बांधून घेतली. इंग्लंडमधून त्यांनी नकाशे मागवले एका बोटीचे आणि टपालाने आले दुसऱ्याच बोटीचे. आलेला नकाशा होता अमेरिकन नौकारचनाकार विल्यम ॲटकिन यांच्या 'एरिक' या जुन्या बोटीचा, आणि तिची मुळं होती नॉर्वेच्या कॉलिन आर्चर यांच्या बचावनौकांत. परत पाठवून नवा मागवण्यात वेळ घालवण्यापेक्षा त्यांनी तीच बोट बांधायला घेतली. मुंबईच्या सुतारांनी ती सागवानात उभी केली. हत्यारं म्हणजे तासणी आणि कमानीच्या दोरीने फिरणारा सामता. विजेवरचं यंत्र त्यात जवळजवळ नव्हतंच. अरब खलाशी इराणच्या आखातात आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला 'सुहेली' म्हणतात, त्यावरून तिचं नाव ठेवलं.

आपल्या डोंग्यात आणि सुहेलीत मोठा फरक बुडाचा. डोंग्याचं बूड सपाट असतं, कारण तलावात पाणी थोडं आणि खाली गाळ. त्याला खाली काही लोंबकळत ठेवलं तर ते चिखलात रुतेल. डोंगा वळवायला बांबू आणि वल्हं पुरतं. शिडाच्या बोटीला मात्र वारा बाजूने ढकलत असतो. तिला खाली कणा नसेल, तर ती पुढे जायच्या ऐवजी खेकड्यासारखी तिरपी सरकत राहील आणि जोराच्या झोतात कलंडेल. हा कणा म्हणजे कील. आपल्या किनाऱ्यावरचे जुने नाव बांधणारे त्याला पठाण म्हणत. सुहेलीचा पठाण लांबलचक, पुढून मागे जवळजवळ सबंध बोटभर जाणारा, आणि त्याच्या खाली दोन टनांहून जड लोखंडी ओतीव वजन बोल्टांनी आवळलेलं. तिचं सुकाणूही मागे बाहेरच टांगलेलं, दाराला बिजागरी असावी तसं, खिळी आणि कड्यांवर.

सागवान का, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. ओक लाकडात आम्ल असतं, ते लोखंडी खिळ्यांना खातं. सागवानात तेल असतं, ते लाकूडही राखतं आणि धातूलाही बराच काळ सांभाळतं. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या बांधकाऱ्यांनी याच लाकडाच्या जोरावर इंग्रजी आरमाराला जहाजं बांधून दिली. जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी बांधलेलं 'त्रिंकोमाली' १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलं, ते आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगतं आहे. भंडारा-गोंदियाच्या जंगलात सागाखाली वाढलेल्या माणसाला हे कौतुकाने सांगावंसं वाटतं.

१४ जून १९६८ रोजी नॉक्स-जॉन्स्टन इंग्लंडमधल्या फाल्मथहून एकटेच निघाले. एकट्याने, कुठल्याही बंदराला न लागता, बाहेरून कसलीही मदत न घेता पृथ्वीप्रदक्षिणा करायची अशी ती गोल्डन ग्लोब शर्यत होती. नऊ जण निघाले. दोन-तीन आठवड्यांतच सुहेलीत पाणी वाढू लागलं. पंप मारला की थोड्या वेळाने पुन्हा भरे. बूड तपासायला ते पाण्यात उतरले तेव्हा दिसलं की कण्यालगतच्या फळीची सांध दोन्ही बाजूंना सुमारे आठ फूट उघडली आहे. बोट कलते तशी ती फट मिटते आणि उघडते.

पहिला उपाय कोणताही डोंगेवाला करील तोच. फटीत कापूस ठोसायचा. पण पाण्याखाली एका दमात जेवढा कापूस बसवावा, तेवढा श्वास घ्यायला वर येईपर्यंत सुटून जाई. मग त्यांनी डोकं लढवलं. कॅनव्हासची दीड इंच रुंदीची पट्टी घेतली, कापूस तिच्यावर शिवून टाकला, ती डांबरात भिजवली आणि त्यात तांब्याच्या चुका आधीच टोचून ठेवल्या. आता पाण्यात बुडी मारून फक्त हातोडी चालवायची. वरून तांब्याची पातळ पट्टी ठोकली, म्हणजे बोट हलली तरी कापूस निघणार नाही. गोरी कातडी शार्कला दिसू नये म्हणून हे सगळं गडद सदरा आणि जीन्स घालून केलं. तरी एक शार्क भोवती घिरट्या घालू लागलाच. तो जाईना, तेव्हा वर चढून त्याला गोळी घालावी लागली. दुसऱ्या बाजूची फट नंतर तशीच बुजवली. गळती आटोक्यात आली आणि बोट पुढे गेली.

सुकाणूचं दुखणं वेगळं होतं. एकटा माणूस चोवीस तास सुकाणूवर बसू शकत नाही. म्हणून वाऱ्याच्या दिशेवर आपोआप चालणारी एक रचना त्यांनी बसवली होती, तिला ते 'ॲडमिरल' म्हणत. दक्षिण महासागराच्या लाटांनी तिचे भाग एकेक करून तोडले आणि ऑस्ट्रेलिया मागे पडेपर्यंत ती पार निकामी झाली. अर्धी प्रदक्षिणा अजून बाकी होती, केप हॉर्न पुढे होतं. इथे लांब कणा कामी आला. दोन डोलकाठ्यांवरची शिडं तोलून लावली, सुकाणू एका कोनात बांधून ठेवलं, की सुहेली बराच काळ आपली दिशा धरून चाले आणि नॉक्स-जॉन्स्टन झोप घेत. आजच्या वेगवान बोटींचा आखूड कणा अशी सवलत देत नाही. २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, सुहेली फाल्मथला परतली. नऊपैकी ती एकटीच पूर्ण फेरी करून आली. मिळालेलं बक्षीस नॉक्स-जॉन्स्टन यांनी त्याच शर्यतीत जीव गमावलेल्या डोनाल्ड क्रोहर्स्ट यांच्या कुटुंबाला देऊन टाकलं.

अशा जुन्या बोटीची देखभाल म्हणजे प्रामुख्याने न दिसणाऱ्या जागांची देखभाल. कण्याच्या बोल्टचं उदाहरण घ्या. बोटीच्या आत बुडाशी नट दिसतो, तो रंगवलेला, घट्ट, बघायला ठणठणीत. खाली लोखंडी वजनात बोल्टचं डोकंही शाबूत असतं. पण लाकूड आणि लोखंड जिथे एकमेकांना टेकतात, त्या सांधीत पाणी साचून राहतं, हवा खेळत नाही, आणि तिथे बोल्ट आतल्या आत कमरेशी झिजतो. काढून पाहिला की वरखाली अंगठ्याएवढा जाड आणि मधे पेन्सिलीएवढा. म्हणून जाणता कारागीर बोट कोरडी काढली की एखाददुसरा बोल्ट ठोकून बाहेर काढतोच. सांध्यातून गंजाचा ओघळ उतरलेला दिसला, तर सगळे काढतो. सुकाणूचं तसंच. पातं दोन्ही हातांनी धरून आडवं हलवायचं आणि कान द्यायचा. खिळी कड्यात खडखडली, म्हणजे झीज झाली. आज तो ढिलेपणा केसभर असेल, पण वादळात तीच जागा हातोड्यासारखी आपटत राहते.

सुहेलीला सगळ्यात मोठा धोका समुद्रात आला नाही. तो आला संग्रहालयात. ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात ती मोठ्या मानाने ठेवली होती. तिथल्या कोरड्या, नियंत्रित हवेत सागवानाच्या फळ्या आकसू लागल्या आणि सांधी उघडल्या. २००२ साली नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिला तिथून बाहेर काढलं. पुढे, सत्तरी ओलांडल्यावर, ते स्वतः हत्यारं घेऊन तिच्या दुरुस्तीला बसले आणि मुंबईत ठोकलेलं गंजकं लोखंड बदललं. २०१८ च्या जूनमध्ये, पहिल्या प्रस्थानाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, सुहेली फाल्मथच्या पाण्यात पुन्हा शिडं उभारून फिरली.

सुहेलीचा धागा आपल्या किनाऱ्यावरही परत आला आहे. गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात 'म्हादेई' ही शिडाची बोट बांधली गेली. तिच्यावर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी ती कुठेही न थांबता केली. दोंदे यांच्या तयारीत मार्गदर्शक होते नॉक्स-जॉन्स्टनच. पुढे दांडेकरांनीच सुहेलीच्या जुन्या आराखड्यावरून 'तुरिया' बांधली. सहा महिला नौदल अधिकाऱ्यांना पृथ्वीप्रदक्षिणेला घेऊन गेलेली 'तारिणी'सुद्धा गोव्याचीच. २०१८ मध्ये परतीच्या वाटेवर तिचं सुकाणू बिघडलं, तेव्हा मॉरिशसच्या पोर्ट लुईला थांबून ते दुरुस्त करावं लागलं. त्यानंतरच ती गोव्याला पोहोचली.

या सगळ्यात एक गोष्ट मला टोचते. नकाशा कोणाचा, कप्तान कोण, बक्षीस किती, याची नोंद जगभर आहे. पण मुंबईच्या ज्या सुतारांनी सामत्याने भोकं पाडून तो कणा बसवला, त्यांची नावं सुहेलीच्या गोष्टीत सहसा येत नाहीत. आपल्या तलावांवर डोंगा बांधणाऱ्यांचंही तेच होऊ घातलं आहे. साकोली, लाखांदूर, पवनी, कुठल्याही गावच्या काठावर यंदाच्या उन्हाळ्यात एखादा म्हातारा ढिवर उपड्या डोंग्याशी बसलेला दिसला, तर त्याच्याजवळ घटकाभर बसा. लाकूड कोणतं, फळीची जाडी किती, सांध कशी बुजवतो, हे विचारा आणि त्याच्या नावासकट वहीत लिहून ठेवा.