सराउंडमधले पाणी

शालेय इंग्रजीच्या गाईडांत समानार्थी शब्दांची एक यादी हमखास असते. 'सराउंड'पुढे एन्सर्कल, एन्क्लोज, एन्व्हेलप, एन्कम्पास असे चार-पाच शब्द स्वल्पविराम देऊन ओळीने बसवलेले असतात आणि शेवटी मराठीत एकच अर्थ: वेढणे. विद्यार्थी यादी पाठ करतो, गुण मिळवतो. पुढे तोच वार्ताहर किंवा अनुवादक झाला की लिहितो, 'कुटुंबीयांनी वेढलेल्या अवस्थेत त्यांनी अखेरचा श्वास घेतला.' वाचणाऱ्याला क्षणभर वाटते, घरच्यांनी त्या बिचाऱ्याला कोंडीत पकडले होते की काय!

दोष मुलाचा नाही, यादीचा आहे. इंग्रजीत समानार्थी शब्दांचे ग्रंथ दोन तऱ्हांचे. जॉर्ज क्रॅब यांनी १८१६ साली जो ग्रंथ काढला, त्यात जवळजवळच्या अर्थाच्या शब्दांत फरक काय, हे समजावून सांगितले आहे. पीटर मार्क रोजे या डॉक्टरांचा 'थिसॉरस' १८५२ साली निघाला. त्यात शब्द अर्थानुसार एकत्र आणले आहेत, फरक सांगितलेला नाही. ज्याला भाषा येते पण नेमका शब्द आठवत नाही, त्याच्यासाठी ती सोय आहे. आपल्या गाईडांनी रोजेंची पद्धत घेतली आणि ज्याला भाषा अजून यायची आहे, त्याच्या हातात दिली.

आता 'सराउंड'च पाहा. त्यात 'राउंड' ऐकू येते, म्हणून हा शब्द गोल फिरण्यावरून आला असेल असे कोणालाही वाटेल. मुळात त्याचा वर्तुळाशी काही संबंध नाही. लॅटिनमध्ये 'सुपेर' म्हणजे वरून आणि 'उंदा' म्हणजे लाट. त्यावरून झालेले क्रियापद जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आले ते 'पाणी वरून वाहणे, बुडवून टाकणे' या अर्थाने. राणी एलिझाबेथच्या राजवटीच्या अखेरीस, १६०१ साली, पूर्व इंग्लंडमधल्या दलदलीच्या जमिनी कोरड्या करण्यासाठी एक कायदा झाला. त्याच्या लांबलचक नावातच या जमिनी नेहमी 'सराउंडिंग' होणाऱ्या आहेत असे म्हटले आहे. आजचा वाचक विचारील, कशाने वेढल्या जाणाऱ्या? तेव्हाच्या माणसाला कळत होते: पाण्याखाली जाणाऱ्या. पुढे 'राउंड'शी असलेल्या ध्वनिसाम्याने शब्दाला ओढले आणि सतराव्या शतकात 'चहूबाजूंनी असणे' हा अर्थ पक्का झाला. पाणी ओसरले. म्हणूनच आज इंग्रजीत मित्र, डोंगर, शत्रू, शांतता, काहीही 'सराउंड' करू शकते. शब्दाला स्वतःचा रंगच उरलेला नाही.

हा 'उंदा' आपल्याला परका नाही. संस्कृतातले 'उदक', इंग्रजीतले 'वॉटर' आणि लॅटिनमधला 'उंदा' हे एकाच मूळ धातूचे वंशज आहेत. पावसाळ्यात आपली वर्तमानपत्रे 'गावाला पाण्याचा वेढा' असा मथळा देतात, तेव्हा नकळत त्या जुन्या शब्दाच्या जवळ जातात. फरक इतकाच की वेढ्यात पाणी गावाभोवती असते आणि जुन्या 'सराउंड'मध्ये ते गावावरून जाते.

मराठी 'वेढणे' मात्र रंग सोडायला तयार नाही. संस्कृत 'वेष्ट्' धातूपासून प्राकृतातून हे रूप आले. त्याच धातूचे 'वेष्टन' संस्कृतातून जसेच्या तसे घेतले, म्हणून एका आईची दोन लेकरे आज दोन जगांत राहतात. साबणवडीला वेष्टन असते, १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला घातला तो वेढा, आणि बोटात घालतात ते वेढे. डोंगरांनी किंवा समुद्राने वेढलेले चालते, कारण ते हलत नाहीत. माणसांनी वेढले की मात्र लढाईचा वास येतो. माणसांसाठी आपल्याकडे गराडा आहे, कोंडाळे आहे, घोळका आहे. आणि मरणाच्या प्रसंगी यांतले काहीच नको. 'सगळी जवळची माणसे उशाशी होती' एवढे पुरते.

लढाईचा अस्सल इंग्रजी शब्द 'बिसीज'. त्यातला 'सीज' म्हणजे मुळात बैठक, आसन. आणि 'बि' हा भोवतालपण दाखवणारा उपसर्ग. किल्ल्याभोवती ठाण मांडून बसणे, एवढाच त्याचा अर्थ. बसण्याचा हा धातू म्हणजे आपला 'सद्'. त्याला 'परि' लावला की 'परिषद' होते, म्हणजे तेच भोवती बसणे! परिषदांना हजेरी लावणाऱ्यांना हे साम्य फारसे खटकणार नाही.

'एन्व्हेलप' हे आतले काही दिसू न देणारे वेढणे. धुके करते, ज्वाळा करतात. त्याचे उलट रूप 'डेव्हलप', म्हणजे मुळात गुंडाळलेले उलगडणे. टपालाच्या पाकिटाला त्यावरूनच नाव मिळाले. पण १८४० पूर्वी ब्रिटनमध्ये टपालखर्च कागदांच्या संख्येवर असल्याने पाकीट म्हणजे एक जादा कागद ठरे आणि लोक पत्रालाच घड्या घालून लाख लावीत. वजनावर आकारणी सुरू झाल्यावर पाकिटे बोकाळली. आपण त्याला 'लिफाफा' म्हटले. अरबीत गुंडाळण्याच्या धातूवरून आलेला हा शब्द मुसलमानी दफनविधीत कफनाच्या सर्वांत बाहेरच्या चादरीलाही लावतात. इंग्रजीतही 'श्राउड' म्हणजे आधी साधा पोशाख होता, कफन नंतर झाला.

राहिले 'रॅप'. इथे तोल उलटा आहे. साडी, शाल, फेटा, मफलर, चारींना इंग्रजीत 'रॅप' चालते. आपण साडी नेसतो, शाल पांघरतो, फेटा बांधतो आणि गुंडाळतो तो फक्त मफलर. उलट तान्ह्या बाळासाठी इंग्रजीत 'स्वॉडल' हा वेगळा शब्द आहे, आपण बाळालाही दुपट्यात गुंडाळतोच. खरा घोटाळा 'रॅप अप'चा. इंग्रजीत त्याचा अर्थ काम नीट आटोपते घेणे. मराठीत 'अधिवेशन गुंडाळले' हा सरळ आरोप असतो. गाशा गुंडाळणे आणि विषय बासनात गुंडाळणे हेही त्याच माळेतले. परिसंवादात सूत्रसंचालकाने 'पाच वाजता गुंडाळू या' म्हटले, तर वक्त्यांनी रागावायला हरकत नाही.

शेवटचा शब्द यादीत कधीच नसतो: 'इन्व्हेस्ट'. मूळ अर्थ वस्त्र चढवणे. त्यातला 'वेस्ट' आणि आपले 'वस्त्र' हे नातलगच. त्यावरून किल्ल्याला सैन्याचे वस्त्र चढवणे, म्हणजे वेढा देणे, हा अर्थ १६०० च्या सुमारास आला. पैशाचा अर्थही त्याच काळातला, आणि तो पूर्वेकडच्या व्यापाराच्या संदर्भात इंग्रजीत दिसू लागतो: भांडवलाला नवा पोशाख द्यायचा. ईस्ट इंडिया कंपनी हिंदुस्थानातून मायदेशी पाठवायच्या मालाच्या खरेदीला 'इन्व्हेस्टमेंट' म्हणे, आणि त्या मालात दीर्घकाळ मोठा वाटा होता कापडाचाच. मराठ्यांच्या किल्ल्यांविषयीच्या इंग्रजी लिखाणात 'फोर्ट इन्व्हेस्टेड' वाचून कोणी तिथे 'गुंतवणूक' लिहिले, तर किल्ला हातचा जातो. मराठीने मात्र पैशासाठी ना वस्त्र घेतले ना वेढा. तिने 'गुंतणे' घेतले.