डिस्ने वर्ल्ड एका दिवसात होत नाही

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला गेलेले आई-बाबा, मे महिन्याच्या सुट्टीत पोहोचलेली भाचरं, मुंबई-पुण्याहून निघालेल्या ग्रुप टूर, या सगळ्यांच्या यादीत फ्लोरिडातलं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड असतंच. खर्च भरपूर होतो आणि तरीही परत आलेल्यांकडून वरचेवर ऐकू येतं, "नुसती तंगडतोड झाली." ही तंगडतोड बरीचशी टाळता येते. होतं असं की ऐकीव माहितीवर बेत आखला जातो आणि ज्या आजी-आजोबांसाठी, नातवंडांसाठी हा सगळा घाट घातला, त्यांचेच हाल होतात. म्हणून त्या ऐकीव गोष्टी एकदा तपासून घेऊ.

"एक दिवस पुरे झाला"

आधी एक घोळ निस्तरायला हवा. डिस्नेलँड कॅलिफोर्नियात, ॲनाहाइमला. ते 1955 साली सुरू झालं आणि तिथे दोनच पार्क आहेत, समोरासमोर. डिस्ने वर्ल्ड फ्लोरिडात, ओरलँडोजवळ. ते 1 ऑक्टोबर 1971 रोजी उघडलं. घरात बोलताना दोन्हींना डिस्नेलँडच म्हटलं जातं, पण मुक्काम किती दिवसांचा हवा याचं गणित दोन्हींकडे पूर्ण वेगळं आहे.

फ्लोरिडातला परिसर साधारण 100 चौरस किलोमीटरचा आहे. कुलाब्यापासून सायन-माहीमपर्यंतची जुनी मुंबई 68 चौरस किलोमीटरच्या आसपास भरते, तिच्याहूनही हा मोठा. त्यात चार स्वतंत्र पार्क आहेत: मॅजिक किंगडम, एपकॉट (1982), हॉलिवूड स्टुडिओज (1989) आणि ॲनिमल किंगडम (1998). प्रत्येकाचं प्रवेशद्वार वेगळं. शिवाय दोन वॉटर पार्क आणि पंचवीसहून अधिक हॉटेलं. टूरच्या कार्यक्रमपत्रिकेत "डिस्ने वर्ल्ड, पूर्ण दिवस" असं छापलेलं असेल, तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा चारपैकी एक पार्क एवढाच असतो. कुठलं पार्क, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्यावं.

त्या एका दिवसातलाही पहिला तास प्रवासात जातो. मॅजिक किंगडमच्या दारात गाडी लावता येत नाही. वाहनतळ तळ्याच्या अलीकडे आहे. तिथे गाडी लावायची, ट्राममधून किंवा चालत ट्रान्सपोर्टेशन सेंटरला यायचं, सामानाची तपासणी करून घ्यायची, मग फेरीबोट नाहीतर मोनोरेल पकडून पलीकडे जायचं आणि त्यानंतर तिकिटाचं गेट. ॲपवरून बोलावलेली टॅक्सीसुद्धा अलीकडेच सोडते. म्हणजे पार्क नऊला उघडणार असेल, तर साडेसातला गाडी लागलेली बरी. "नऊला उघडतंय ना, मग नऊला पोहोचू" म्हणणारं कुटुंब आत शिरेपर्यंत सव्वादहा वाजतात आणि तोवर सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनसारख्या लोकप्रिय राइडची रांग लांबलेली असते.

तिकिटाची रचनाही एका दिवसाच्या बाजूने नाही. 2018 पासून दर तारखेनुसार बदलतात. 2025 मध्ये एका दिवसाचं एका पार्कचं तिकीट तारीख आणि पार्क पाहून 119 डॉलरपासून 199 डॉलरपर्यंत होतं, कर वेगळा. दिवस वाढवले की दर दिवसाचा भाव उतरतो. बऱ्याच जणांना माहीत नसलेली गोष्ट म्हणजे चार दिवसांचं तिकीट सलग चार दिवस वापरावं लागत नाही, ते सात दिवसांच्या मुदतीत वापरता येतं. मध्ये एक दिवस हॉटेलवर लोळून काढता येतो आणि साठी ओलांडलेली मंडळी बरोबर असतील तर तो काढावाच. तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. ज्येष्ठांना मात्र सवलत नाही.

ओळखीत कुणाचं दोन दिवस उरलेलं तिकीट स्वस्तात मिळत असेल तर घेऊ नका. तिकीट दुसऱ्याच्या नावावर होत नाही, शिवाय प्रवेशद्वारावर बोट स्कॅन करून ते माणसाशी जोडलेलं असतं. पैसे बुडतात आणि दारातून परत फिरावं लागतं.

"व्हीलचेअर घेतली की रांग नाही"

हा गैरसमज आपल्याकडे विशेष पक्का आहे आणि त्याचं कारण विमानतळ. भारतातून जाणाऱ्या आई-बाबांसाठी मुलं व्हीलचेअर मागवतात, तिथे इमिग्रेशनची रांग खरोखरच टळते. डिस्ने वर्ल्डमध्ये तसं होत नाही. बहुतेक राइडच्या रांगा मुळातच व्हीलचेअर जाईल अशा रुंद बांधलेल्या आहेत, त्यामुळे खुर्चीत बसलेली व्यक्ती सगळ्यांबरोबर त्याच रांगेत तेवढाच वेळ थांबते. रांगेत थांबू न शकणाऱ्यांसाठी वेगळी सोय आहे, पण 2024 पासून ती मुख्यतः ऑटिझम किंवा तत्सम विकासात्मक अडचण असलेल्यांपुरती ठेवली आहे आणि त्यासाठी आधी व्हिडिओ कॉलवर बोलावं लागतं. गुडघेदुखी त्यात बसत नाही.

म्हणून व्हीलचेअर घेऊ नये असं मुळीच नाही. उलट, अवश्य घ्यावी. इथे दिवसभरात दहा-बारा किलोमीटर चालणं सहज होतं. एपकॉटमधल्या तळ्याभोवतीचा फेराच जवळजवळ दोन किलोमीटर भरतो. रोज फिरायला जाणारे बाबासुद्धा दुपारी तीनला बाक शोधू लागतात, कारण त्यांचं रोजचं फिरणं तासाभराचं असतं आणि इथे बारा तास उभं राहायचं असतं. पार्कात भाड्याने मिळणाऱ्या खुर्च्या आधी येईल त्याला मिळतात, विजेवर चालणाऱ्या गाड्या तर लवकर संपतात. "मला कशाला, मी चालेन" हा संवाद घरीच उरकून घ्या. किलिमांजारो सफारीत खुर्चीतून न उठताही बसता येतं, काही राइडना मात्र उठून पाळण्यात बसावं लागतं. हे प्रत्येक राइडच्या माहितीत दिलेलं असतं.

"जास्त पैसे भरले की थेट आत"

रांग टाळायची विकतची सोय म्हणजे लाइटनिंग लेन. पूर्वीचा फुकटचा फास्टपास आता नाही, जुने प्रवासवर्णन वाचून जाणाऱ्यांची तिथेच फसगत होते. 2024 च्या जुलैपासूनच्या पद्धतीत मल्टी पास घेतला की तीन राइडच्या वेळा आधी निवडता येतात. एक वापरली की पुढची निवडायची. ठरलेल्या तासाभराच्या अवधीत जायचं आणि छोट्या रांगेतून आत शिरायचं. सगळ्यांत मागणी असलेल्या एक-दोन राइड त्यात येत नाहीत, त्यांचे पैसे वेगळे. डिस्नेच्या हॉटेलात उतरलेल्यांना ही निवड सात दिवस आधी करता येते, बाहेर उतरलेल्यांना तीन दिवस आधी. पार्कात पोहोचल्यावर ठरवू म्हणाल तर हव्या त्या वेळा गेलेल्या असतात.

माझ्या मते मॅजिक किंगडमसाठी हा खर्च पटतो, इतरत्र प्रत्येकाने आपापला हिशेब करावा. पहाटे उठायची तयारी असेल तर पहिल्या दीड तासात फुकट तेवढंच साधतं. आणखी एक नियम फारसा कुणी वापरत नाही: पार्क बंद व्हायच्या आत रांगेत शिरलेल्याला राइड मिळते. आतिशबाजी पाहून थकलेली गर्दी दाराकडे वळते, तेव्हा तरुण मंडळींनी उलट दिशेला जावं.

हॉटेलचा हिशेबही इथेच येतो. बाहेरचं हॉटेल स्वस्त दिसतं, पण पार्कच्या वाहनतळाचं रोजचं भाडं सुमारे 30 डॉलर. आत उतरलेल्यांना ते नाही, सकाळी अर्धा तास आधी प्रवेश मिळतो आणि त्यांची बस तळ्याला वळसा घालून मॅजिक किंगडमच्या गेटजवळच सोडते. विमानतळावरून फुकट नेणारी डिस्नेची बस मात्र 2022 च्या सुरुवातीलाच बंद झाली. तो खर्च धरूनच चला.

"हे सगळं पोरांसाठी"

राइडना वयाची नाही, उंचीची अट असते. स्पेस माउंटनला 44 इंच, ट्रॉनला 48. उंची दारात पट्टीला लावून मोजतात आणि अर्धा इंच कमी भरला तरी सोडत नाहीत. मूल रांगेत तासभर उभं राहून रडत परतण्यापेक्षा घरीच भिंतीला उभं करून मोजा. धाकटं भावंड उंचीत बसत नसेल तर रायडर स्विच मागा: एक पालक त्याच्याजवळ थांबतो आणि पहिला परत आला की दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग न लावता जाता येतं.

मोठ्यांचं म्हणाल, तर ज्यांना पाळण्यांचं वावडं आहे त्यांनी ॲनिमल किंगडम चुकवू नये. आशिया विभागात आनंदपूर नावाचं काल्पनिक संस्थान उभं केलंय. रंग उडालेल्या भिंती आणि पडके महाल ओलांडत गेलं की खरेखुरे वाघ दिसतात. पडझड इतक्या मायेने घडवलेली दुसरीकडे क्वचितच दिसेल. एपकॉटमध्ये अकरा देशांची दालनं आहेत, त्यांत भारत नाही. हे आधीच माहीत असलं की शोधाशोध होत नाही.

हवामानाबद्दल थोडक्यात. उन्हाळ्यात दुपारी गडगडाट होऊन पाऊस येतो आणि विजांमुळे उघड्यावरच्या राइड थांबतात, त्याचे पैसे परत मिळत नाहीत. शाळांच्या सुट्टीत जायचं तर ईस्टर उलटल्यावरचे, मेअखेरच्या मेमोरियल डेआधीचे आठवडे त्यातल्या त्यात बरे. दिवाळीच्या सुट्टीत हवा सुखाची असते, वादळांचा हंगाम नोव्हेंबरअखेरपर्यंत असला तरी. पण ऑगस्ट ते डिसेंबर मॅजिक किंगडममध्ये ठरावीक रात्री वेगळ्या तिकिटाच्या हॅलोवीन आणि ख्रिसमस पार्ट्या होतात. त्या दिवशी साध्या तिकिटावर आलेल्यांना सायंकाळी सहाला बाहेर पडावं लागतं, आतिशबाजी दिसत नाही. तारीख पक्की करण्याआधी पार्टीचं वेळापत्रक बघा.

राहिला जेवणाचा प्रश्न. घरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, ही समजूत चुकीची आहे. मेथीचे पराठे, तिखटमिठाच्या पुऱ्या, लाडू, चिवडा, खुशाल न्या. काचेची भांडी आणि दारू चालत नाही, म्हणून लोणचं बरणीऐवजी प्लास्टिकच्या डबीत भरा. गरम करून मिळण्याची अपेक्षा ठेवू नका. झटपट जेवणाच्या काउंटरवर थंड पाणी फुकट मिळतं, बाटल्या विकत घ्यायची गरज नाही. मेनूकार्डावर पानाचं चिन्ह असेल तो पदार्थ वनस्पतिजन्य, अंडं-दूधही नसलेला. शाकाहारी मंडळींसाठी हे चिन्ह पुरेसं आहे. आणि एका संध्याकाळी ॲनिमल किंगडम लॉजमधल्या सना या रेस्तराँत जा. तिथे आफ्रिकी जेवणाला भारतीय मसाल्यांची जोड असते. नान-पराठ्यांसारख्या गरम रोट्यांचं ताट नऊ तऱ्हांच्या चटण्या-लोणच्यांसह येतं आणि खिडकीबाहेर जिराफ चरत असतात. हे हॉटेलात असल्याने पार्कचं तिकीट लागत नाही. टेबलाचं आरक्षण साठ दिवस आधी खुलं होतं, उजेडातलं टेबल हवं असेल तर त्याच दिवशी करून टाका.