बारमध्ये सिगारेटबंदी : 'स्मोकिंग रूम' बांधण्याआधी हिशेब मांडा

धार/देवास : मध्य प्रदेशात दारू दुकानांना जोडलेले अहाते 1 एप्रिल 2023 पासून बंद झाले. बसून प्यायचं तर आता परवान्याचा बारच. पण तिथे टेबलावर सिगारेट पेटवता येत नाही. पिथमपूर असो, देवास असो की सीमेपलीकडचं धुळे, हा नियम देशभर एकच आहे.

नियम काय सांगतो?
2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्याखालचे नियम 2 ऑक्टोबर 2008 पासून लागू आहेत. त्यात पब आणि बार यांचा थेट उल्लेख आहे. भोवतालची मोकळी जागाही त्यातच धरली आहे. म्हणजे अंगणात टेबलं टाकली की सुटलो, असं नाही. ओढणाऱ्याला 200 रुपयांपर्यंत दंड. तक्रार येऊनही मालकाने कानाडोळा केला, तर जितके ओढणारे तितके दंड त्याच्या माथी. दहा जण असतील तर 2,000 रुपये.

वेगळी खोली चालते का?
30 किंवा जास्त आसनं असतील तरच. चारही भिंती छतापर्यंत, दार आपोआप बंद होणारं, धूर थेट बाहेर फेकणारा पंखा. खोली प्रवेशदारापाशी नको. शिवाय 2017 पासून त्या खोलीत सर्व्हिस करता येत नाही. ना पेग, ना चकणा. म्हणजे भाडं आणि वीजबिल चालू, कमाई शून्य. छोट्या बारला हे परवडत नाही. हुक्क्याला तर खोलीचाही पर्याय नाही. महाराष्ट्राप्रमाणे मध्य प्रदेशातही हुक्का बारवर बंदी आहे.

मग करायचं काय?
- दारावर आणि प्रत्येक मजल्यावर 60 बाय 30 सेंटिमीटरचा हिंदी फलक लावा. तक्रार कोणाकडे करायची, त्याचं नाव-नंबर त्यावर हवं.
- ॲश-ट्रे, माचिस, लायटर टेबलावरून उचला.
- वेटरने हुज्जत घालू नये; एकदा सांगावं, मग मॅनेजरला बोलवावं.
- ओढायला आवाराबाहेर जाणाऱ्याचं टेबल राखून ठेवा. जागा जाणार नाही म्हटल्यावर बहुतेक जण ऐकतात.

आयर्लंडने 2004 मध्ये देशभरातल्या पबमध्ये बंदी आणली, ती मुख्यतः तिथे काम करणाऱ्यांसाठी. आपल्याकडेही मुद्दा तोच. ग्राहक दोन तासांत उठून घरी जातो. वेटर मात्र बार बंद होईपर्यंत त्याच धुरात उभा असतो.