म्हशीचा बिल्ला आणि कमरेचे पिस्तूल

कळंब सोडून मांजरा ओलांडली की बीड जिल्हा सुरू होतो. आमच्या ढोकीहून हे अंतर फारसे नाही. सोयरिकी, आठवडी बाजार, ऊसतोडीच्या टोळ्या, सगळे नदीच्या दोन्ही बाजूंना सारखेच. जिल्ह्याची हद्द काय ती महसूल खात्याच्या नकाशात. त्यामुळे ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांना पळवून नेऊन हाल हाल करून मारण्यात आले, तेव्हा ती बातमी आमच्याकडे शेजारच्या जिल्ह्यातली म्हणून आली नाही. आपल्याच घरातले कोणी गेल्यासारखे लोक गप्प झाले होते.

त्या खुनात गोळी चालली नव्हती. तरी त्यानंतर जी चर्चा उसळली ती बंदुकीची. कमरेला पिस्तूल लावून मिरवणाऱ्यांच्या, हवेत बार काढणाऱ्यांच्या चित्रफिती घराघरातल्या मोबाइलवर येऊन पडल्या. सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचे जाहीरपणे मांडले. त्यांनीच दिलेला शेजारच्या परभणीचा आकडा होता ३२. मग फेरतपासणी सुरू झाली आणि शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. चार-दोन महिन्यांत रद्द होऊ शकणारे इतके परवाने मुळात मंजूर कसे झाले, हा प्रश्न मात्र कोणी फार लावून धरला नाही.

आपल्याकडे 'अंदाधुंद गोळीबार' म्हटले की डोळ्यांसमोर अमेरिका येते. पण ३१ जुलै २०२३ची पहाट आठवावी. जयपूरहून मुंबईकडे येणाऱ्या गाडीत पालघरच्या आसपास रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाने आधी आपल्या वरिष्ठावर आणि मग वेगवेगळ्या डब्यांतल्या तीन मुस्लिम प्रवाशांवर गोळ्या झाडल्याचा आरोप आहे. चौघेही गेले. सोबतच्या सहकाऱ्याने नोंदवलेल्या जबाबानुसार, त्या रात्री तो बरे वाटत नाही, मध्येच उतरतो म्हणत होता. बरे वाटत नसलेल्या माणसाच्या हातात भरलेली रायफल होती आणि गाडी धावत होती. ती बंदूक सरकारी, माणूस गणवेशातला. परवान्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून चार दिवस हळहळ झाली आणि शस्त्र कोणाच्या हाती द्यावे, दिल्यावर त्या हाताकडे कोणी बघावे, ही चर्चा सुरू होण्याआधीच संपली.

पुढच्या वर्षाने ती पुन्हा दारात आणून ठेवली. २ फेब्रुवारी २०२४ला उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यात, ठाण्याच्या अधिकाऱ्याच्या दालनात, एका आमदाराने पिस्तूल चालवले. त्यानंतर आठवडाही झाला नव्हता तोच दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांना फेसबुकवरचे थेट प्रक्षेपण चालू असताना गोळ्या घालण्यात आल्या. मारणाऱ्याने स्वतःलाही संपवले. वापरलेले पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या नावावरचे होते. म्हणजे परवाना एकाचा आणि चाप ओढणारे बोट दुसऱ्याचे. जूनमध्ये परळीत एका सरपंचाची गोळी झाडून हत्या झाली आणि ऑक्टोबरात वांद्र्याला बाबा सिद्दीकी यांची. आम्हा धाराशिवकरांना तर या यादीत २००६ सालही घालावे लागते. त्या वर्षी ३ जूनला आमच्या जिल्ह्यातले नेते पवनराजे निंबाळकर यांना कळंबोलीजवळ त्यांच्या गाडीत, चालकासह, गोळ्या घातल्या गेल्या. त्या दिवशी इथल्या बाजारपेठेची दुकाने जशी धडाधड बंद झाली, तो आवाज अनेकांच्या कानात अजून आहे.

अशा वेळी पारावर एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. खून करणारा काय परवाना काढून करतो होय? त्यात तथ्य आहे. देशात गोळी लागून होणाऱ्या खुनांत बहुतेक हत्यारे विनापरवाना असतात, हे गुन्हे नोंदींच्या अहवालांत वर्षानुवर्षे दिसत आले आहे. मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या उमर्टीसारख्या ठिकाणी घडवलेला गावठी कट्टा जळगाव-पुण्यापर्यंत पोचतो, हेही पोलिसांच्या छाप्यांतून वारंवार उघड झाले आहे. तेव्हा परवानेवाल्याच्या मागे कशाला लागता, असा त्याचा सूर. मला हा युक्तिवाद अपुरा वाटतो आणि त्याचे कारण मी बँकेतल्या एका टेबलापलीकडून पाहिलेले आहे.

नव्वदच्या दशकात मी एका ग्रामीण शाखेत होतो. गावाचे नाव सांगत नाही. पाइपलाइन आणि ट्रॅक्टर अशी दोन कर्जे थकलेला एक बडा शेतकरी बोलावल्यावरून आला. खुर्चीवर बसता बसता त्याने कमरेचे पिस्तूल काढून माझ्या टेबलावर ठेवले. अगदी साधेपणाने. म्हणाला, "बसताना टोचायलंय सायब. बोला, काय म्हनत होता?"

एवढेच. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. मी नोटीस दिली, त्याने सही करून घेतली, चहाही घेतला. पण त्यानंतर नोटिसा घेऊन वस्त्यांवर जाणारा आमचा शिपाई त्या वस्तीवर जायला तयार होईना. ज्या दोघांनी जामीनदार म्हणून सह्या केल्या होत्या त्यांच्याकडे विचारणा केली, तर ते हात जोडून म्हणाले, "आमचं नाव घिऊ नका." ते पिस्तूल परवान्याचे होते. त्यातून माझ्या माहितीत एकही गोळी कधी सुटली नाही. पोलिसांच्या दप्तरी ते आजही निष्कलंक असेल. परवान्याचे हत्यार खुनासाठी फारसे लागतच नाही. ते ग्रामसभेत, निविदा उघडताना, पवनचक्कीच्या जमिनीचा सौदा करताना सदऱ्याखालून नुसते दिसावे लागते. अहवालात खून मोजले जातात. न बोललेली वाक्ये, मागे घेतलेले उमेदवारी अर्ज आणि न केलेल्या फिर्यादी मोजायला रकानाच नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. इंग्रजांनी १८७८ साली शस्त्र कायदा करून हिंदी माणसाच्या हातातले हत्यार काढून घेतले, हा आपल्या पूर्वजांना मोठा अपमान वाटे. म्हणूनच १९३१च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. पुढे घटना समितीत ह. वि. कामत यांनी त्याच आशयाची दुरुस्ती सुचवली. हे झाले १९४८च्या डिसेंबरात. डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. प्रत्येकाला बाजारात जाऊन मारण्याची साधने बिनदिक्कत विकत घेता येऊ लागली, तर राज्याने कारभार करायचा कसा, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता.

डिसेंबर १९४८ ही तारीख आमच्या भागातल्या माणसाने जरा थांबून वाचावी. पोलीस ॲक्शनला तेव्हा तीन महिने झाले होते. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा आमच्याच उस्मानाबाद जिल्ह्यात. निजामासाठी सिडनी कॉटन नावाचा वैमानिक विमानांतून शस्त्रे आणत होता. इकडे सोलापूरच्या हद्दीवरच्या कॅम्पांतून मुक्तिसंग्रामातली तरुण मुले मिळेल ती बंदूक जमवत होती. 'आपल्याकडे बंदूक असती तर' हे वाक्य मी लहानपणी थोरल्यांच्या तोंडून किती वेळा ऐकले असेल! पण त्याच थोरल्यांपैकी काही जण दुसरी गोष्टही सांगत, जरा आवाज खाली घेऊन. सप्टेंबरनंतर हत्यारे या हातातून त्या हातात गेली, आणि मग ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता असेही कितीतरी मुसलमान शेजारी मारले गेले. केंद्राने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेले जे चार जिल्हे नोंदवले, त्यांत उस्मानाबाद आहे. बंदूक असती तर वाचलो असतो, हे खरे असेल. बंदूक आल्यावर काय केले, तेही खरेच आहे. त्यामुळे घटना समितीतले ते उत्तर मला केवळ दिल्लीतले भाषण वाटत नाही.

स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा १९५९चा. शस्त्र हा हक्क नव्हे, सवलत आहे, या पायावर तो उभा आहे. एकवीस वर्षे पूर्ण असावीत, जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा, पोलिसांनी चौकशी अहवाल द्यावा. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक, स्वसंरक्षणासाठी लांब नळीची साधी बंदूक आणि त्यापलीकडचे काही हवे असेल तर सबळ कारण द्यावे, अशी त्याची रचना. २०१६च्या नियमांनी अर्जाबरोबर शारीरिक व मानसिक आरोग्याचा दाखला आणि हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाची अट घातली. २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवली (मूळ विधेयकात एकच होते; खासदारांची नाराजी आड आली) आणि लग्ना-वरातीत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत मात्र तीन वर्षांवरून पाच केली.

ही शेवटची गोष्ट बँकेतल्या माणसाला खटकते. आम्ही पाच हजारांच्या म्हशीला कर्ज देत होतो तेव्हा दोन जामीनदार घ्यायचे, म्हशीचा विमा उतरवायचा, तिच्या कानाला बिल्ला मारायचा आणि पुढे मोटारसायकलवर धूळ खात जाऊन ती म्हैस त्याच गोठ्यात, त्याच बिल्ल्यासह उभी आहे ना, हे डोळ्यांनी पाहायचे. मंजुरीनंतरची पाहणी म्हणतात तिला. शाखेच्या पहारेकऱ्याची दुनळी बंदूक आणि तिची दहा काडतुसेही आम्ही मोजत असू. आमचा पहारेकरी निवृत्त फौजी. वर्षअखेरीला तो स्वतःहून काडतुसे टेबलावर ओळीने मांडी, रजिस्टरात सही घेई आणि मगच हलत असे. एकदा घाई होती म्हणून मी 'राहू दे' म्हणालो, तर म्हणाला, "साहेब, नोटा रोज मोजता, ह्या वर्षातून एकदा तरी मोजा." त्या माणसाला बंदुकीची जेवढी भीती होती तेवढी मी कोणा हौशी परवानेवाल्याच्या चेहऱ्यावर कधी पाहिली नाही.

स्कॉटलंडमधल्या डनब्लेन गावी १३ मार्च १९९६ला एकाने प्राथमिक शाळेत शिरून सोळा मुले आणि त्यांच्या बाई अशा सतरा जणांना मारले. त्याची पिस्तुले परवान्याची होती. पाच वर्षे आधी, १९९१मध्ये, एका पोलीस अधिकाऱ्याने या माणसाचा परवाना काढून घेण्याचा विचार व्हावा असे लेखी कळवले होते. ते वरती मान्य झाले नाही आणि परवान्याचे नूतनीकरण होत राहिले. चौकशीत हे सारे कागदोपत्री बाहेर आले. पुढच्याच वर्षी ब्रिटनने खाजगी पिस्तुलांवर जवळजवळ पूर्ण बंदी घातली. त्याच १९९६च्या एप्रिलात ऑस्ट्रेलियात पोर्ट आर्थरला पस्तीस जण मारले गेले, तेव्हा तिथल्या सरकारने सहा लाखांहून अधिक बंदुका लोकांकडून विकत घेऊन नष्ट केल्या. २०१९ला ख्राइस्टचर्चच्या मशिदींत एक्कावन्न माणसे गेल्यावर न्यूझीलंडने महिन्याभरात कायदा बदलला. अमेरिकेत मात्र २०२२ला युवाल्डीच्या शाळेत एकोणीस मुले मारली गेली तरी कायद्यात किरकोळ डागडुजी झाली, कारण तिथे शस्त्र हा घटनेने दिलेला हक्क आहे. आपल्याकडे तो नाही. म्हणजे आपल्याला घटना बदलायची नाही, नवा कायदाही फारसा नको. हवा आहे तो म्हैस बघायला जाणारा माणूस. पाच वर्षे कशाला, दर वर्षी जावे. हत्यार कुठे ठेवले आहे, काडतुसे किती घेतली, किती उरली, घरात भाऊबंदकीचा दावा चालू आहे का, परवानाधारकाला दारूचे व्यसन लागले आहे का. आणि ज्याने शिफारस केली त्याचे नाव कागदावर राहावे, जामीनदारासारखे. नावे राहिली तर शिफारसी आपोआप कमी होतील.

यातला पुढारी मंडळींचा भाग अवघड आहे, हे मला कळते. पिस्तूल आता या भागात पांढऱ्या गाडीसारखी आणि फ्लेक्सवरच्या फोटोसारखी प्रतिष्ठेची वस्तू झाली आहे. तिची गरज सिद्ध करायला कोणाकडून तरी धमकी आल्याचा अर्ज पुरतो.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या एक वयस्क बाई माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला आल्या. मी बँकेतला, लिहिणारा माणूस, म्हणून असे अर्ज अधूनमधून माझ्याकडे येतात. मालक वारले होते, त्यांची दुनळी घरात होती. परवानाधारक गेला की हत्यार ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. वारसाला ते हवे असेल तर त्याने स्वतःच्या नावाने परवाना मागायचा. धाकट्याला ते हवे होते. थोरल्याशी त्याचा बांधावरून वाद होता.

"तुमी असं लिवा," बाई म्हणाल्या, "की ही बंदूक आमच्यातल्या कुनालाबी नको."

मी म्हणालो, "मावशी, धाकटा नंतर वेगळा अर्ज करू शकतो."

"करू द्या की त्याला. माज्या अंगठ्याच्या खाली तेवढं लिवून ठिवा."

लिहिले. दुसऱ्या दिवशी थोरल्या सुनेला घेऊन, गोधडीत गुंडाळलेली ती दुनळी रिक्षात आडवी ठेवून त्या ठाण्यात गेल्या. पोच आणायला विसरल्या नाहीत. ती त्यांनी मला दाखवली आणि पदराच्या टोकाला बांधून ठेवली. धाकटा त्या दिवसापासून आईशी बोलत नाही.